उंदराची फिट थांबली, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षात हायडँटॉइन नावाचं रासायनिक चक्र कायम ठेवून चौदा नवी कंपाऊंड बनवली. त्यातल्या तिघांनी १०० मिलिग्रॅम प्रति किलो या डोसला उंदरांची विजेच्या झटक्याने येणारी फिट थांबवली. गाइड म्हणतात, पेपर लिहून टाका. पण घरात सख्ख्या भावाला नववीपासून फिट येतात, दोन औषधं नियमित चालू असूनही महिन्यातून एक-दोनदा येतातच. यातलं एखादं कंपाऊंड कधी गोळी होऊन त्याच्यापर्यंत पोचेल का, आणि त्यासाठी आता काय करायला हवं?

मी अठ्ठावीस वर्षं याच कामात आहे. आधी प्राण्यांवरच्या चाचण्या केल्या, पुढे माणसांवरच्या. म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. आहे त्या स्थितीत ही तीन कंपाऊंड तुमच्या भावाच्या उपयोगाची ठरण्याची शक्यता फार कमी आहे. तुमची केमिस्ट्री कच्ची आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तुम्ही वापरलेली चाळणी, म्हणजे झटक्याची ही चाचणी, ज्या धान्यासाठी विणली गेली, ते धान्य तुमच्या भावाला आधीच मिळालेलं आहे आणि त्याने त्याचं भागलेलं नाही, ही खरी अडचण आहे.

ही चाळणी कुठून आली ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फिटवरची पहिली औषधं शोधून सापडलेलीच नाहीत. १८५७ मध्ये लंडनच्या लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला, तेव्हा त्यामागे कुठलीही चाचणी नव्हती. १९१२ मध्ये जर्मनीतल्या हाउप्टमान या तरुण डॉक्टरने वॉर्डातले पेशंट रात्री शांत झोपावेत म्हणून फेनोबार्बिटल दिलं आणि त्यांच्या फिट कमी झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. शोध लागला तो १९३७-३८ मध्ये, बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये. पटनम आणि मेरिट यांनी मांजरांना ठरावीक विद्युतप्रवाह देऊन फिट आणायची आणि कुठलं रसायन ती अडवतं हे पाहायचं, अशी पद्धत बसवली. पार्क-डेव्हिस कंपनीकडून मागवलेल्या रसायनांत एक होतं फेनिटॉइन. ते बिल्ट्झने १९०८ मध्येच बनवलेलं होतं, पण झोप आणत नाही म्हणून कोणी त्याकडे पाहिलं नव्हतं. फिट थांबवायला माणसाला गुंगीत ठेवावं लागत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा सिद्ध झालं. या क्षेत्रातला माझ्या मते हा सर्वांत मोठा क्षण आहे.

तुम्ही केलेली एमईएस, म्हणजे मॅक्झिमल इलेक्ट्रोशॉक चाचणी, ही त्याच पद्धतीची धाकटी बहीण. तिची मांडणी १९४६ मध्ये टोमन, स्विनयार्ड आणि गुडमन यांनी पक्की केली. उंदराला ५० मिलिअँपिअर, ०.२ सेकंद. तुम्ही ती स्वतः केली आहे, त्यामुळे दृश्य सांगायची गरज नाही. तरी एका गोष्टीकडे पुन्हा नीट बघा. झटका बसताच उंदीर आधी मागचे पाय पोटाशी घेतो, मग ते सरळ शेपटीच्या रेषेत ताणतो, इतके ताठ की उचलला तर काठीसारखा हातात येतो. मग पाय थरथरतात, मग तो निपचित पडतो आणि दोन-चार मिनिटांत उठून मिशा साफ करायला लागतो. आपण नोंद करतो ती फक्त एका गोष्टीची: मागचे पाय ताणले की नाही. म्हणजे ही चाचणी फिट सुरू होते का हे विचारतच नाही, सुरू झालेली फिट मेंदूभर पसरते का एवढंच विचारते. आणि पसरणं थांबवण्याचा सोपा रस्ता म्हणजे सोडियम चॅनलला, म्हणजे मज्जापेशीत सोडियम शिरण्याच्या दाराला, आवर घालणं. फेनिटॉइन ते करतं. कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिन, लॅकोसामाइड हीही मुख्यतः तेच करतात, आणि सगळी एमईएसमध्ये उत्तम गुण मिळवतात.

तुमच्या कंपाऊंडमध्ये हायडँटॉइनचं चक्र आहे, म्हणजे फेनिटॉइनचाच सांगाडा. फेनिटॉइनच्या भावंडांना फेनिटॉइनच्या परीक्षेला बसवलं तर काही जण पास होणारच. तुमच्या भावाच्या प्रिस्क्रिप्शनवर बहुधा सोडियम चॅनलवालं एक औषध आधीच असेल. एकदा बघून घ्या.

दुसरी प्रसिद्ध चाळणी म्हणजे पीटीझेड, पेंटिलीनटेट्राझोलचं इंजेक्शन. उंदराच्या मानेवरच्या सैल कातडीखाली साधारण ८५ मिलिग्रॅम प्रति किलो टोचायचं आणि अर्धा तास बघत बसायचं. १९४४ मध्ये याच चाचणीतून ट्रायमेथाडिओन पुढे आलं आणि लहान मुलांच्या 'क्षणभर हरवण्याच्या' म्हणजे ॲब्सेन्स प्रकारच्या फिटवर पहिलं औषध मिळालं. तेव्हापासून पुस्तकांत एक समीकरण बसलं: एमईएस म्हणजे मोठी फिट, पीटीझेड म्हणजे ॲब्सेन्स. हे समीकरण चुकीचं आहे आणि अजूनही प्रबंधांत छापलं जातं, म्हणून जरा जोर देऊन सांगते. लॅमोट्रिजिन पीटीझेडमध्ये नापास होतं, पण ॲब्सेन्सवर काम करतं. टायागाबिन पीटीझेडमध्ये पास होतं आणि ॲब्सेन्स बिघडवतं. तुमच्या पेपरात ते वाक्य लिहू नका.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय न्यूरॉलॉजी संस्थेने सरकारी खर्चाने चाचणी-कार्यक्रम सुरू केला. जगभरातल्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी कंपाऊंड पाठवायची आणि सॉल्ट लेक सिटीत यूटा विद्यापीठाने ती तपासायची. आजवर ३०,००० हून जास्त कंपाऊंड तिथून गेली आहेत. भारतातल्या कॉलेजांत आज जे चालतं, ३०, १०० आणि ३०० मिलिग्रॅमचे डोस, अर्ध्या तासाने आणि चार तासांनी तपासणी, रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, तोल जातो का बघणं, हे सगळं तिथल्या पहिल्या पायरीची नक्कल आहे. नक्कल करण्यात गैर काही नाही. गैर हे, की आपण पहिल्याच पायरीवर थांबतो आणि तिलाच जिना म्हणतो.

आता लेव्हेटिरासिटामची गोष्ट ऐका. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीकडे हे कंपाऊंड होतं. एमईएसमध्ये शून्य, पीटीझेडमध्येही शून्य. तुमच्या-माझ्या प्रयोगशाळेत ते पहिल्याच आठवड्यात 'निष्क्रिय' असा शेरा घेऊन कपाटात गेलं असतं. पण मोठ्या आवाजाने फिट येणाऱ्या खास जातीच्या उंदरांवर त्याने काम केलं, आणि पुढे किंडलिंग केलेल्या रॅटवरही केलं. किंडलिंग म्हणजे मेंदूच्या एका कोपऱ्याला रोज इतका हलका झटका द्यायचा की पहिल्या दिवशी काहीच होत नाही, पण काही आठवड्यांनी त्याच हलक्या झटक्याने पूर्ण फिट येते. मेंदू फिट शिकतो, असं म्हणा. निरोगी उंदराला झटका देणं आणि फिट शिकलेल्या मेंदूला औषध देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पेशंटचा मेंदू हा दुसऱ्या प्रकारचा असतो. १९९९ मध्ये औषध अमेरिकेत मंजूर झालं. ते नेमकं कुठे चिकटतं, हे कळलं २००४ मध्ये: एसव्हीटूए नावाचं प्रथिन, ज्याचा त्याआधी कोणी फिटच्या संदर्भात विचारही केला नव्हता. आज जगात सर्वांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या फिटच्या औषधांत ते आहे.

त्यामुळे तुमच्या चौदापैकी जी अकरा 'नापास' झाली, ती खरोखर निकामी आहेत हे तुम्हाला अजून माहीत नाही.

आणि जी तीन पास झाली, ती खरोखर पास आहेत का? इथे मी तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारणार आहे: कंपाऊंड कशात विरघळवलं होतं? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर एमार हा तुमच्यासारखाच एक संशोधक विद्यार्थी खेलिन नावाच्या वनस्पतिजन्य पदार्थापासून नवी संयुगं बनवत होता. ती पाण्यात विरघळेनात म्हणून त्याने व्हॅल्प्रोइक ॲसिडचा द्रावक म्हणून वापर केला. ते १८८२ पासून माहीत असलेलं एक तेलकट आम्ल, औषध म्हणून कोणाच्या खिजगणतीत नसलेलं. ग्रेनोबलमध्ये चाचणी झाली तर सगळीच संयुगं फिट थांबवू लागली. काहींचा एकमेकांशी संबंधही नव्हता, तरी सगळीच. मग फक्त द्रावक देऊन पाहिला, आणि फिट थांबली. १९६७ मध्ये ते फ्रान्सच्या बाजारात औषध म्हणून आलं. तुमच्या भावाच्या दोन औषधांपैकी दुसरं कदाचित तेच असेल.

ही कथा लोक नशिबाची म्हणून सांगतात. मला ती कंट्रोल ग्रुपची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या गटाची वाटते. द्रावक म्हणून डीएमएसओ, ट्वीन, पॉलिएथिलीन ग्लायकॉल, जे काही वापरलं असेल, तेवढंच, तितक्याच मिलिलिटरमध्ये, तितकाच वेळ आधी दिलेला वेगळा गट तुमच्याकडे हवा. डीएमएसओ जास्त प्रमाणात गेलं तर ते स्वतःच मेंदूवर परिणाम करतं. सलाइनचा कंट्रोल चालणार नाही.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते. कामाला लागून तिसरं वर्ष असेल. एका कंपाऊंडने आठपैकी आठ उंदीर वाचवले. मी संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या प्राणिगृहातल्या जुन्या मदतनिसाने एक उंदीर माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, गार लागतोय." खरंच गार होता. तापमान मोजलं तर नॉर्मलपेक्षा चार अंश खाली. शरीर थंड पडलं की फिटही मंदावते. कंपाऊंडने फिट थांबवली नव्हती, उंदीर गारठवला होता. ऊबदार पेटीत ठेवून तोच प्रयोग केला तर आठातले सहा उंदीर ताठ झाले. तेव्हापासून गुदद्वारातलं तापमान मोजल्याशिवाय मी कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवला नाही. तुम्हीही मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि रोटारॉड मनापासून करा. ज्या डोसला फिट थांबते त्याच डोसला उंदीर दांड्यावरून पडत असेल तर तुमच्याकडे फिटचं औषध नाही, गुंगीचं आहे. निम्मे उंदीर ज्या डोसला पडतात तो आकडा भागिले निम्म्यांची फिट ज्या डोसला थांबते तो आकडा, हा भागाकार जितका मोठा तितकं कंपाऊंड कामाचं. एका डोसवरून हा आकडा निघत नाही, चार-पाच डोस करावेच लागतात.

यानंतर माझं मत विचाराल तर एकच नवी चाचणी करा: ६ हर्ट्झची. उपकरण जवळजवळ तेच, झटका मात्र मंद लयीचा आणि तीन सेकंदांचा. या फिटमध्ये उंदीर ताठ होत नाही. तो जागीच थबकतो, पुढचे पाय थरथरतात, मिशा फडफडतात, शेपटी वर उभी राहते. काहीसं माणूस क्षणभर कुठेतरी टक लावून तोंड चाळवत राहतो तसं. ही चाचणी १९५० च्या दशकातच माहीत होती, पण तिच्यात फेनिटॉइन नापास झालं म्हणून लोकांनी चाचणीच टाकून दिली. खरं तर टाकून द्यायला हवा होता तो समज, की फेनिटॉइन नापास म्हणजे चाचणीच खोटी. २००१ मध्ये ती पुन्हा वर काढली गेली, कारण लेव्हेटिरासिटाम तिच्यात दिसतं. ३२ मिलिअँपिअरला बहुतेक जुनी औषधं गळतात, ४४ ला तर फारच थोडी उरतात. तुमच्या तिन्हींपैकी एखादं ४४ ला टिकलं तर मला जरूर कळवा, मी मनापासून वाचेन.

समजा टिकलं. पुढचा रस्ता किती लांब आहे तेही कळू द्या. पाण्यात किती विरघळतं, यकृत किती वेळात मोडतं, मेंदूत पोचतं का, हृदयाच्या पोटॅशियम चॅनलला धक्का लावतं का, जनुकं बिघडवतं का, मग दोन जातींच्या प्राण्यांवर आठवडेच्या आठवडे विषबाधेच्या चाचण्या. यातली प्रत्येक गोष्ट शंभरातली बहुतेक कंपाऊंड संपवते. आणि हे सगळं पार केलं तरी प्राणी सगळं सांगत नाहीत. फेल्बामेट १९९३ मध्ये अमेरिकेत आलं, वर्षभरात रक्त बनणंच थांबल्याच्या आणि यकृत निकामी झाल्याच्या केसेस आल्या. व्हिगाबॅट्रिन बाजारात येऊन बरीच वर्षं झाल्यावर, १९९७ मध्ये, नजरेचा परीघ आक्रसत असल्याचं कळलं. मधली नजर शाबूत राहते म्हणून पेशंटच्या ते ध्यानातच येत नव्हतं. रेटिगाबिन २०११ मध्ये मंजूर झालं, २०१३ मध्ये कातडी, नखं निळसर होत असल्याचा आणि डोळ्याच्या पडद्यावर रंग साठत असल्याचा इशारा द्यावा लागला, २०१७ मध्ये ते बंद झालं.

पण सेनोबामेटचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. दक्षिण कोरियातल्या एसके बायोफार्मास्युटिकल्सचं हे औषध. सुरुवातीच्या अभ्यासांत तिघांना ड्रेस नावाची भयानक ॲलर्जी झाली, अंगभर पुरळ आणि आतले अवयव सुजणं, त्यात एक जण दगावला. बहुतेक ठिकाणी फाइल तिथेच बंद झाली असती. त्यांनी विचारलं, डोस फार भराभर वाढवला का? मग १२.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी एकेक पायरी चढवत १,३३९ लोकांना दिलं, आणि ड्रेसची एकही केस आली नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली. अनेक औषधांना दाद न दिलेल्या पेशंटमध्ये ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटातले २१ टक्के लोक देखभालीच्या काळात पूर्ण फिटमुक्त राहिले, प्लासिबो म्हणजे रिकामी गोळी घेणाऱ्या गटातला १ टक्का. या क्षेत्रात असा आकडा क्वचित दिसतो.

माणसांवरची ही चाचणी कशी होते ते तुम्हाला घरातूनच कळेल. पेशंटची चालू औषधं तशीच ठेवायची, आठ आठवडे फक्त फिट मोजायच्या, मग नवं औषध किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी जोडायची, आणि साधारण तीन महिने पुन्हा मोजायच्या. मोजायच्या कोणी? आईने, बायकोने, बहिणीने. एका चाचणीत माझ्यासमोर एका आईने कालनिर्णयची पानं फाडून आणली होती. प्रत्येक फिटला लाल गोल, झोपेत आली असेल तर गोलात टिंब, नुसता हात उडाला असेल तर निळी रेघ. आम्ही दिलेल्या छापील डायरीपेक्षा ती पानं जास्त अचूक होती. कोट्यवधी रुपयांचं औषध मंजूर होणं न होणं शेवटी अशा कागदावर ठरतं.

आणि रिकामी गोळी मिळणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही. २०११ मध्ये ११२ चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. परिणामकारक डोसवर असलेल्यांमध्ये फिटशी निगडित अचानक मृत्यू दर १,००० व्यक्ति-वर्षांमागे (म्हणजे हजार जण वर्षभर, अशा हिशेबाने) ०.९ होते, प्लासिबोवर असलेल्यांमध्ये ६.९. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ठरावीक फिट झाल्या की पेशंटला चाचणीतून लवकर बाहेर काढून खरं औषध देण्याची रचना करतात. मला ती सगळीकडे सक्तीची व्हायला हवी असं वाटतं.

एवढ्या सगळ्या औषधांनी फरक किती पडला? ग्लासगोमध्ये १९८२ ते २०१२ या तीस वर्षांत उपचार सुरू केलेल्या १,७९५ पेशंटची नोंद आहे. फिटमुक्त झाले ६३.७ टक्के. याच गटाने २००० मध्ये दिलेला आकडाही जवळपास एवढाच होता. औषधं सुधारली, दुष्परिणाम कमी झाले, पण ज्यांच्या फिट थांबत नाहीत असा तिसरा हिस्सा तसाच राहिला. आपण फिट दाबणारी रसायनं शोधली. मेंदूला फिट शिकूच न देणारं रसायन अजून कोणाच्या हाती लागलेलं नाही. १९९० मध्ये डोक्याला गंभीर मार लागलेल्या ४०४ लोकांवर फेनिटॉइनचा अभ्यास झाला. पहिल्या आठवड्यात फिट स्पष्ट कमी झाल्या, पुढच्या दोन वर्षांत मात्र प्लासिबोइतक्याच आल्या. पीएच.डी. करणार असाल तर विषय इथे आहे.

आता भावाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ ते आहे. योग्य निवडलेली, पुऱ्या डोसची दोन औषधं घेऊनही फिट थांबत नसतील तर वैद्यकीय व्याख्येप्रमाणे ती औषधांना न जुमानणारी मिरगी ठरते. अशा वेळी तिसरी, चौथी गोळी जोडत बसण्याआधी त्याला एपिलेप्सी सेंटरला दाखवा: व्हिडिओ-ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूतल्या विजेची नोंद), एपिलेप्सीसाठीचा खास एमआरआय. फिट एकाच जागेतून सुरू होत असेल तर ऑपरेशनने ती थांबू शकते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ही ऑपरेशनं होत आहेत, मुंबई-पुण्यातही सोय आहे. चालू औषध स्वतःहून एकही दिवस थांबवू देऊ नका. आणि तुमचं कंपाऊंड घरी न्यायचा विचार चुकूनही मनात आला असेल तर तो आजच काढून टाका.

पेपर जरूर लिहा. चौदाच्या चौदा कंपाऊंडचे आकडे त्यात घाला, नापास अकरांसकट, द्रावक आणि तापमानाच्या नोंदींसकट. उरलेल्या पावडरीचं वजन करून, नाव-तारीख लिहून, गडद बाटल्यांत बंद करून ठेवा. २० ग्रॅमचे आठ उंदीर, १०० मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६ हर्ट्झच्या एका गटाला लागतात १६ मिलिग्रॅम. प्रत्येकी अर्धा ग्रॅम उरला असेल तरी चौदाही कंपाऊंडची चाचणी होते. फक्त एथिक्स कमिटीकडे नव्या चाचणीचा अर्ज आधी करा, जुन्या मंजुरीत ती बसणार नाही.